हर्न्सचा हात मोडला, पण कशावर?

तुम्ही विचारलंत की मार्विन हॅगलर आणि थॉमस हर्न्स या बॉक्सरांच्या १९८५ च्या लढतीत, जी हॅगलरने जिंकली, हर्न्सचा उजवा हात पहिल्याच फेरीत मोडला. तो धड राहिला असता तर हॅगलर आडवा झाला असता, मग हॅगलरच्या चिवटपणाचे एवढे गोडवे कशाला? आणि मिडलवेट या वजनगटात शेवटी भारी काय पडतं, ठोशाची ताकद की सोसण्याची?

माझं मत आधीच सांगतो. तो हात हॅगलरच्या डोक्यावर मोडला. सोसणं म्हणजे मुकाट मार खाणं, असं आपण धरून चालतो आणि तिथेच गफलत होते. मुरलेला बॉक्सर ठोसा कुठे लागू द्यायचा, कधी लागू द्यायचा, हे बघून सोसतो. त्यात समोरच्याची ताकद खर्ची पडते, कधी त्याचा हातही. (मराठीत 'पंच' म्हटलं की रेफ्री की ठोसा असा घोळ होतो, म्हणून पुढे ठोसा आणि रेफ्री हेच शब्द वापरतो.)

आता ती लढत. १५ एप्रिल १९८५, लास व्हेगास, सीझर्स पॅलेसच्या आवारात उघड्यावर उभारलेलं रिंग. हर्न्स सहा फूट एक इंच, हातांचा पल्ला ७८ इंच. हॅगलर त्याच्यापेक्षा साडेतीन इंचांनी बुटका. हर्न्सचे तोवर ४० विजय, त्यातले ३४ नॉकआउट. आदल्या वर्षी त्याने रोबेर्तो दुरानला दुसऱ्या फेरीत झोपवलं होतं, आणि त्याच दुरानने त्याआधी सातच महिने हॅगलरसमोर पुरत्या पंधरा फेऱ्या काढल्या होत्या. कागदावर पाहिलं तर तुमची शंका रास्त आहे.

पण हर्न्सच्या उजव्या ठोशाला जागा लागते. मागच्या पायाचा रेटा, कंबरेचं वळण, खांद्याची झेप आणि मग तो लांब हात सरळ होताना शेवटच्या टप्प्यावर सगळा जोर एकवटतो. हॅगलर घंटा वाजताच आत घुसला आणि त्याने ती जागाच ठेवली नाही. हनुवटी छातीत दाबलेली, कपाळ पुढे. सुरुवातीच्या क्षणांत एक उजवा त्याला नीट लागला आणि तो हललाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी त्यानंतरचे बरेच ठोसे पूर्ण जोर यायच्या आधीच, अर्ध्या वाटेत, त्याच्या डोक्याच्या कठीण भागावर आदळत होते. माणसाच्या हातात मनगटासकट २७ हाडं असतात आणि सगळी लहान. पट्ट्या आणि ग्लोव्ह त्यांना सांभाळतात ते एका मर्यादेपर्यंतच. कपाळाचं हाड जाड आणि एकसंध. त्या टकरीत हार कोणाची होणार, हे उघड आहे.

दुसऱ्या फेरीत हर्न्स मागे सरकत जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावर, खेळायला लागला, पण पायांतला जोर पहिल्या तीन मिनिटांतच गेला होता. तिसऱ्या फेरीत हॅगलरच्या कपाळावरची जखम इतकी वाहायला लागली की रेफ्री रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवून डॉक्टरला दाखवली. डॉक्टरने परवानगी दिली. आता वेळ हातात नाही, हे हॅगलरला कळलं असणारच. तो सुटला तो थेट हर्न्सवर. उजवा बसला, हर्न्स डगमगला, हॅगलरने धावत जाऊन पुन्हा गाठला आणि हर्न्स पाठीवर कोसळला. मोजणी संपायच्या आत तो उठला, पण डोळ्यांत काही उरलं नव्हतं. सगळा मामला जेमतेम आठ मिनिटांचा.

'हर्न्स खालच्या वजनातून वर आला होता, म्हणून त्याची ताकद कमी पडली', हे स्पष्टीकरण बऱ्याचदा ऐकू येतं. मला ते पटत नाही. मिडलवेट म्हणजे १६० पौंड, साडेबहात्तर किलो. (आपल्याला मिडलवेट म्हटलं की बीजिंगचं ब्राँझ मिळवणारा विजेंदर आठवतो. तो हौशी गट ७५ किलोचा, फार फरक नाही.) मार्च १९८६ मध्ये याच वजनात हर्न्सने तोवर अपराजित असलेल्या जेम्स शुलरला पहिल्या फेरीतच उडवलं. पुढच्या वर्षी हुआन रोल्दानला चौथ्या फेरीत नॉकआउट केलं. हॅगलरच्या ६७ लढतींच्या कारकिर्दीत 'खाली पाडलं' अशी नोंद एकट्या या रोल्दानच्या नावावर आहे, आणि तीही पाय घसरल्याची असावी असं चित्रण पाहून वाटतं. म्हणजे हर्न्सची ताकद १६० पौंडांत अगदी शाबूत होती.

मग सोसणं नेमकं कशाने जमतं? डोक्याला ठोसा लागला की डोकं झटक्यात फिरतं, मेंदू मागे राहतो आणि कवटीच्या आत हिसका बसतो. शुद्ध जाते ती मुख्यतः या हिसक्याने. जाड मान हा हिसका कमी करते, पण मानेचे स्नायू आवळायला आधी ठोसा दिसावा लागतो. न दिसलेला ठोसा पोलादी माणसालाही पाडतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे शुगर रे रॉबिन्सन आणि जीन फुलमर. जानेवारी १९५७ मध्ये फुलमर या युटाच्या दणकट गड्याने रॉबिन्सनला रेटून रेटून हरवलं, एकदा खालीही पाडलं. फुलमरला तोवर कोणीच नॉकआउट केलेलं नव्हतं. १ मे १९५७ ला शिकागोत परतीची लढत झाली. रॉबिन्सनच्या छत्तिसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते. पाचव्या फेरीत त्याने उजवा हात पोटाकडे टाकला. फुलमरचा गार्ड, म्हणजे बचावाला धरलेले हात, तसूभर खाली आला आणि त्या फटीतून डावा हुक, बाजूने वळवून मारलेला ठोसा, हनुवटीवर बसला. एकच ठोसा, तोही मागे सरकता सरकता. फुलमरने उठायचा प्रयत्न केला, पण रेफ्रीने दहा मोजायच्या आत पाय लागले नाहीत. जानेवारीत अभेद्य वाटलेली हनुवटी मे महिन्यात बदलली नव्हती. जानेवारीतले ठोसे फुलमरला दिसत होते, हा दिसला नाही. ही काही सेकंदं मी शंभरदा तरी पाहिली असतील आणि अजूनही पहिल्यांदा पाहताना तो हुक कोणाला दिसत नाही.

जेक लामोटाचं प्रकरण वेगळं. रॉबिन्सनशी सहा लढती, त्यातली एकच जिंकली, फेब्रुवारी १९४३ ची डेट्रॉइटची. त्यात त्याने रॉबिन्सनला दोरखंडांतून बाहेर ढकललं होतं आणि व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव चाखवला होता. लामोटा ठोसा लागतानाच डोकं त्याच दिशेला वळवायचा, त्यामुळे निम्मा जोर वाया जायचा. १४ फेब्रुवारी १९५१ ला शिकागोत मात्र तो थकला. शेवटच्या फेऱ्यांत हात वर येईनात, डोकं वळेना, आणि रॉबिन्सनने बारावी-तेरावी फेरी त्याच्यावर हात मोकळे केले. तेराव्यात रेफ्रीने लढत थांबवली तेव्हा लामोटा दोरांना धरून उभाच होता. लोक 'तो पडला नाही' हे अभिमानाने सांगतात. मला त्या दोन फेऱ्या बघवत नाहीत. सोसण्यातलं कौशल्य संपल्यावर जे उरतं ते नुसतं उभं राहणं, आणि रेफ्रीने निदान एक फेरी आधी हात घालायला हवा होता.

आपण सगळे डोक्याबद्दलच बोलतोय, पण मिडलवेटच्या इतिहासात पोटावरच्या ठोशाने फिरलेल्या लढती कमी नाहीत. अमेरिकेतल्या गॅरी शहराच्या पोलाद कारखान्यांतून आलेला टोनी झेल आणि न्यूयॉर्कचा रॉकी ग्राझियानो यांची पहिली लढत २७ सप्टेंबर १९४६ ला यांकी स्टेडियमवर झाली. झेल तेव्हा ३३ वर्षांचा, मधली वर्षं नौदलात गेलेली. पहिल्या फेरीत ग्राझियानो पडला, दुसऱ्या फेरीत झेल. त्यात झेलचा उजवा हातही दुखावला. पुढे इतका मार खाल्ला की लोकांनी त्याला हरल्यात जमा केलं. सहाव्या फेरीत त्याने तोच दुखरा उजवा ग्राझियानोच्या पोटात, बरगड्यांच्या मधोमध घातला आणि मागोमाग डावा हुक जबड्यावर. ग्राझियानो दहाच्या आत उठू शकला नाही. हात दुखावला म्हणून निकाल ठरत नाही, हे या एका लढतीवरून पटावं.

हे मी नुसतं पाहिलेलं सांगत नाही. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला उजव्या बरगडीखाली, यकृतावर, डावा हुक बसला होता. बसला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. एक श्वास घेतला, दुसरा घ्यायला गेलो तर तो येईना. डोकं लख्ख जागं होतं, रेफ्रीचा एक एक आकडा ऐकू येत होता, मनात 'ऊठ' चाललं होतं आणि गुडघे सरळ होत नव्हते. तिथे जिद्दीचा काही उपयोग नसतो. म्हणून पोटावर लागून बसलेल्या माणसाला कोणी 'हिंमत नाही' म्हणालं की मला राग येतो.

तुमच्या बाजूनेही एक लढत मांडतो, नाहीतर अन्याय होईल. नोव्हेंबर १९९०, स्पेन, ज्युलियन जॅक्सन विरुद्ध हेरॉल ग्रॅहम. ग्रॅहम तीन फेऱ्या जॅक्सनला नाचवत होता. जॅक्सनचा डोळा इतका सुजला की लढत थांबवायच्या गोष्टी सुरू झाल्या. चौथ्या फेरीत ग्रॅहम संपवायला पुढे झाला आणि जॅक्सनचा एकच उजवा लागला. ग्रॅहम जमिनीला टेकायच्या आधीच बेशुद्ध होता. अशी ताकद शिकवून येत नाही. तरी इथेही ठोसा लागला तो ग्रॅहम आपणहून आत आला तेव्हा.

याच जॅक्सनला दोनदा हरवणारा जेराल्ड मॅक्लेलन. मिडलवेटचं जेतेपद त्याने तीनदा राखलं, तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये वरच्या वजनात तो लंडनला नायजेल बेनशी लढला आणि पहिल्या फेरीत त्याला दोरांबाहेर फेकलं. बेन परत आला. दहाव्या फेरीत मॅक्लेलन स्वतःहून गुडघ्यावर बसला, मग कॉर्नरमध्ये कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, दृष्टी कायमची गेली. तो सारखे डोळे मिचकावत होता, हे चित्रणात स्पष्ट दिसतं. कोणी ओळखलं असतं तर, हा विचार मला आजही सोडत नाही. चिवटपणाचं कौतुक करताना ही लढत विसरू नये, एवढंच म्हणतो.

आता हात मोडला नसता तर काय, याचं उत्तर. ६ जून १९८८, लास व्हेगास, हर्न्स विरुद्ध इरान बार्कली. हर्न्सचे दोन्ही हात धडधाकट, मिडलवेटचा पट्टा त्याच्याकडे. दोन फेऱ्या त्याने बार्कलीला अक्षरशः सोलून काढलं. दोन्ही डोळ्यांवर जखमा, चेहरा रक्ताने माखलेला, लढत कधीही थांबेल अशी अवस्था. बार्कली पुढे येतच राहिला. तिसऱ्या फेरीत त्याचा उजवा बसला आणि हर्न्स पाठीवर पडला, उठला आणि पुन्हा कोसळला. फेरी तीच, तिसरी. मोडलेल्या हाताची सबब इथे नाही.

दोन्ही लढती एका बैठकीत, पाठोपाठ पाहा. आधी बार्कलीची, मग हॅगलरची. हर्न्सचा उजवा हात सोडून त्याचे गुडघे पाहत राहा, विशेषतः दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात.