आंघोळीचं आणि कपडे धुण्याचं पाणी बागेला घातलं तर चालतं का? टाकी आणि फिल्टर लागतो का? साबणाने झाडं मरतात का?

चालतं. मी गेली सहा वर्षं घालते आहे. पण तुम्ही जी 500 लिटरची टाकी आणि वाळू-कोळशाचा फिल्टर बसवायचं म्हणताय, ते दोन्ही कृपया करू नका. त्याच खर्चात आणि कष्टात झाडांभोवतीची आळी (पाणी मुरायचे गोल खळगे) नीट करून घ्या आणि साबण बदला.

आधी टाकीचं सांगते. सुरुवातीला मीही एक झाकणाचा ड्रम ठेवला होता. सकाळचं आंघोळीचं पाणी त्यात साठवायचं आणि सवडीने झाडांना घालायचं, असा बेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं तर वर राखाडी साय धरलेली, आणि कुजक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरले. या पाण्यात अंगावरचा मळ, तेल, केस, साबण असं सगळं असतं. जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मग सडण सुरू होते. साठवलेल्या पाण्यात रोगजंतूही वाढतात, आणि झाकणाला फट असली की डास आलेच. म्हणून 24 तासांच्या वर हे पाणी साठवायचं नाही. खरं तर साठवायचंच नाही. मोरीतून निघालं की थेट मातीत गेलं पाहिजे.

आता फिल्टर. वाळू आणि कोळसा केस, धागे, थोडा गढूळपणा आणि वास अडवतात. झाडांना त्रास देणारी मुख्य गोष्ट असते पाण्यात विरघळलेलं मीठ, म्हणजे सोडियमचे क्षार, आणि ते फिल्टरमधून जसंच्या तसं पार होतं. साखरेचं पाणी फडक्यातून गाळलं तरी गोडच राहतं ना, तसंच. शिवाय तो फिल्टर चार-सहा आठवड्यांत तुंबतो आणि त्यातला चिखल कुणीतरी हाताने उपसावा लागतो. मी उपसला आहे, म्हणून कळकळीने सांगते.

साबणाने झाडं मरतात का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोडियमपाशीच आहे. झाड सहसा एका रात्रीत मरत नाही, आधी माती बिघडते. धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि बऱ्याचदा वजन भरायला सोडियम सल्फेटही घातलेलं असतं. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवायचं काम कॅल्शियम करतं. त्याची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, बारीक भोकं बुजतात आणि वरचा थर सिमेंटसारखा बसतो. माझ्या एका वाफ्यात हेच झालं. साधारण वर्षभर पावडरीचं पाणी घातलं होतं. पूर्वी तांब्याभर पाणी ओतलं की बघता बघता मुरायचं. नंतर तेवढंच पाणी अर्धा-पाऊण तास तसंच साचून राहायला लागलं, आणि वाळल्यावर कडेला पांढरी पापडी दिसायची. मला वाटायचं झाडांना पाणी कमी पडतंय, म्हणून मी आणखी घालत होते! वरून ओली दिसणारी ती माती बोटभर खाली कोरडी ठणठणीत होती.

तो वाफा सुधारायला दोन मोसम गेले. जिप्सम मिसळलं (त्यातलं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारतं), कंपोस्ट घातलं, आणि सुटलेलं मीठ खाली वाहून जावं म्हणून काही आठवडे फक्त साधं पाणी भरपूर दिलं. वालुकामय जमिनीत हा त्रास कमी होतो. तुमची माती कोणती ते आधी बघा: वीतभर खड्डा खणा, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते मोजा. काही तास लागत असतील तर आळी मोठी करा आणि पाणी कमी सोडा.

साबण घेताना पावडरीऐवजी लिक्विड घ्या, त्यात सहसा सोडियम कमी असतं. डब्यावर बोरॅक्स किंवा परबोरेट (दोन्हींत बोरॉन असतं) लिहिलेलं असेल तर तो घेऊ नका. बोरॉन झाडांना अगदी चिमूटभर लागतं, त्याच्या थोडं वर गेलं की पानांच्या कडा करपतात. ब्लीच वापरलेलं किंवा मशीन आतून साफ करतानाचं पाणी ड्रेनेजमध्येच जाऊ द्या. पावडर सोडवत नसेल, तर मशीनचं पहिलं पाणी गटारात आणि खळबळण्याचं बागेत, एवढं तरी करा.

जोडणी साधी ठेवा. मशीनच्या नळीला थ्री-वे व्हॉल्व्ह लावा: एक वाट ड्रेनेजला, दुसरी बागेला. मशीनचा पंप लहान असतो, त्याला पाणी उंच चढवायला लावू नका. बाग खालच्या पातळीवर असेल तरच हे करा. पाइप 25 मिलिमीटरचा घ्या. ठिबकच्या बारीक तोट्या धाग्यांनी आठवड्यात बंद पडतात. पाइपचं तोंड झाडाच्या बुंध्याशी नको, फांद्यांची सावली संपते तिथे गोल आळं खणा, ते पालापाचोळ्याने आणि लाकडाच्या भुशाने भरा आणि पाणी त्या आच्छादनाखाली सोडा. तुमचा फिल्टर तोच. मातीच्या वरच्या फूटभर थरातले जीव साबण आणि मळ खाऊन टाकतात. पालापाचोळा कुजला की वर्षातून एकदा नवा घालायचा.

किती सोडायचं, तर एक लिटर पाणी एक चौरस मीटरवर पसरलं की एक मिलिमीटर होतं. उन्हाळ्यात बागेला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर लागतं. समोरून उघडणारी मशीन एका धुण्याला 50 लिटरच्या आसपास सोडते, म्हणजे 10 चौरस मीटरची एका दिवसाची सोय झाली. पाऊस लागला की व्हॉल्व्ह ड्रेनेजकडे फिरवा. पावसाने मातीतलं मीठ धुऊन जातं, ते जाऊ द्या.

घरात बाळ आहे असं तुम्ही लिहिलंय. लंगोट धुतलेलं पाणी बागेत अजिबात नको, आणि कुणाला जुलाब किंवा संसर्ग असेल त्या दिवसांत बाथरूमचंही नको. हे पाणी फवारायचं नाही, पानांवर ओतायचं नाही, आणि ते साचलेल्या जागी बाळाला खेळू द्यायचं नाही. स्वयंपाकघरातलं भाज्या धुतलेलं पाणी खुशाल घाला. खरकट्याचं तेलकट पाणी मात्र मातीला तुपट करतं आणि उंदीर बोलावतं.

राहिली तुमची झाडं. मोठी फळझाडं, केळ, कर्दळ हे पाणी आनंदाने घेतात. मुळा, गाजर आणि कच्ची खायची पालेभाजी यांना देऊ नका. तुमच्या लिंबाला क्षार आणि बोरॉन दोन्ही सोसत नाहीत, त्याला एक आड एक पाळी साधं पाणी द्या. अनंताला तर हे पाणी नकोच. त्याला आंबट माती लागते आणि धुण्याचं पाणी अल्कधर्मी असतं. मग त्याला लोह मिळत नाही आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसायला लागतात. तुम्ही टाकलेल्या फोटोतलं अनंताचं पान मला तसंच वाटतंय. आजपासून त्याला फक्त पावसाचं किंवा साधं पाणी द्या. जुनी पानं तशीच राहतील, नव्या फुटीचा रंग बघा.