सीरमची बाटली बदलली आणि पेशी रुसल्या

प्रश्न : आमच्याकडे अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, चरबी अशा ऊतींच्या पेशी बनू शकणाऱ्या) वाढवतो. कंपनी तीच, कॅटलॉग नंबर तोच, पण एफबीएसची (पेशी वाढवायला लागणारं, गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सीरम) नवी बाटली उघडल्यापासून पेशी पसरट झाल्या आहेत. चार दिवसांत भरणारा फ्लास्क आठ दिवस घेतो. सीरममध्ये भेसळ असेल का?
– संशोधक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : भेसळीवर जाण्याआधी दोन गोष्टी बघा. पेशी कितव्या पॅसेजच्या आहेत, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधून नव्यात कितव्यांदा हलवलेल्या? म्हाताऱ्या झालेल्या पेशीही अशाच पसरट आणि मंद होतात. मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत वाढणारे सूक्ष्म जिवाणू) पीसीआर चाचणीही करून घ्या. ही दोन्ही कारणं नसतील, तर बाटलीवरचा लॉट नंबर वाचा. तो बदललेला असणार.

गाभण गाईच्या कत्तलीनंतर गर्भातल्या वासराच्या रक्तापासून एफबीएस काढतात आणि अनेक गर्भांचं सीरम एकत्र करून एक लॉट होतो. त्यातले वाढघटक आणि संप्रेरकं लॉटगणिक कमीजास्त असतात. फायब्रोब्लास्टच्या (संयोजी ऊतीतल्या) पेशींना त्याचं फारसं काही वाटत नाही, मूलपेशींना वाटतं. प्रमाणपत्रावर एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) मिलिलिटरला 10 युनिटच्या आत आणि हिमोग्लोबिन डेसिलिटरला 25 मिलिग्रॅमच्या आत असेल तर कागद चांगला. (लालसर सीरम म्हणजे रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या.) पण कागदावर पास झालेला लॉट तुमच्या पेशींना मानवेलच असं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सीरमचे चढे पैसे मुख्यतः मॅड काऊसारख्या रोगांपासूनच्या सुरक्षिततेचे असतात, वाढीचे नव्हेत. तो पैसा लॉट तपासण्यात घाला.

वितरकाकडून तीन-चार लॉटचे 50 मिलीचे नमुने मागा आणि निकाल येईपर्यंत ते लॉट तुमच्या नावाने राखून ठेवायला सांगा. नाहीतर तुम्ही कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके) मोजत असता आणि लॉट दुसऱ्याला विकला गेलेला असतो. तुलनेला जुना लॉट लागतोच, म्हणून हे काम जुनी बाटली संपायच्या आत सुरू करा. एकाच पॅसेजच्या पेशी घ्या. 10 सेंटिमीटरच्या डिशमध्ये 100 पेशी, सीरम 10 टक्के, प्रत्येक लॉटच्या तीन डिश. 14 दिवस वाढवा, दर तीन-चार दिवसांनी मीडिया (पेशींचा पोषक द्रव) बदला. मग पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) धुऊन मिथेनॉलमधल्या 0.5 टक्के क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा आणि 50हून जास्त पेशींच्या कॉलन्या मोजा. संख्येइतकंच आकाराकडेही लक्ष द्या. तीस टिकल्यांएवढ्या कॉलन्यांपेक्षा पंचवीस ऐसपैस कॉलन्या केव्हाही बऱ्या.

यात उतरलेला लॉट तीन पॅसेज चालवून बघा आणि शेवटी हाड व चरबीकडे वळवून अनुक्रमे अलिझरिन रेड आणि ऑइल रेड ओ या रंगांनी रंगवा. ही पायरी वेळखाऊ म्हणून गाळली जाते आणि तिथेच घात होतो: काही लॉटमध्ये वाढ झकास दिसते, पण पेशी न सांगताच चरबीच्या वाटेला लागतात. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी असतील तर तोच लॉट 30 टक्क्यांनाही तपासा, विषारीपणा असला तर तिथे उघडा पडतो. रंगवायला मात्र अल्कलाइन फॉस्फटेजची (अविभेदित मूलपेशींत भरपूर असणारं विकर) चाचणी वापरा.

पसंत पडलेला लॉट वर्षाचा घेऊन ठेवा. महिन्याला 200 मिली लागत असेल तर 2.4 लिटर, म्हणजे 500 मिलीच्या पाच बाटल्या. नव्या लॉटवर एकदम उडी नको. पॅसेजगणिक 25, 50, 75 टक्के असं मिसळत जा.

प्रश्न : सीरम उणे 20 वरून थेट 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवतो. तळाशी पांढुरके तुकडे दिसतात. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळू का?
– लॅब टेक्निशियन, रबाळे

उत्तर : गाळू नका. फिल्टर चोंदतो आणि कामाचे घटकही अडकतात. ते तुकडे बहुधा फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि स्निग्ध पदार्थांचे असतात, पेशींना त्यांचा त्रास नाही. नजरेला खुपतच असतील तर सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जी वर (गुरुत्वाच्या 400 पट) पाच मिनिटं फिरवून वरचं सीरम घ्या. जंतूंची शंका असेल तर थोडं सीरम अँटिबायोटिक नसलेल्या मीडियात घालून दोन दिवस 37 अंशांवर ठेवा; गढूळ झालं तर बाटली बाद.

खरी चूक वितळवण्यात आहे. बाटली आदल्या संध्याकाळी फ्रीजमध्ये, 2 ते 8 अंशांवर ठेवा. सकाळी बर्फाचा गोळा उरला असेल तर 37 अंशांत, पण दर दोन-तीन मिनिटांनी अलगद गोल फिरवत, आणि बर्फ संपताक्षणी बाहेर. अर्धी वितळलेली बाटली उजेडात धरून बघा: वर फिकट पाणी, तळाला साखरेच्या पाकासारखा दाट पिवळा थर. क्षार आणि प्रथिनं तिथे साचतात आणि न हलवता तापवलं की गाठी धरतात. नीट मिसळण्याआधीच नळ्या भरल्या तर पहिल्या नळीत फिकट आणि शेवटच्या नळीत दाट सीरम जातं. मग एकाच बाटलीचे निकाल दोन तऱ्हांचे येतात आणि दोष पेशींवर जातो.

50 मिलीच्या नळीत 45च भरा, गोठताना सीरम फुगतं. वितळलेली नळी परत गोठवू नका. फ्रीजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवा.

प्रश्न : सीरम 56 अंशांवर तापवून घेणं गरजेचं आहे का? – वाचक, खारघर

उत्तर : बहुतेक कामांत नाही. त्याने कॉम्प्लिमेंट (पेशी फोडू शकणारी, रक्तातली संरक्षक प्रथिनं) निष्क्रिय होतं, पण काही वाढघटकही जातात. करायचंच असेल तर शेजारी तेवढंच पाणी भरलेली बाटली थर्मामीटरसह ठेवा. तिचा पारा 56 ला पोहोचला की 30 मिनिटं मोजायला लागा, दर दहा मिनिटांनी फिरवा.

प्रश्न : पावसाळ्यात वीज जाते, आणि बुरशीही फार लागते. – वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या नळीवर एक नाणं ठेवा. सोमवारी नाणं तळाला दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं, ते सीरम मूलपेशींना नको. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर तर नकोच, त्यात तापमान सतत वरखाली होतं. बुरशीसाठी आधी पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूमबाहेर काढा. वॉटर बाथचं पाणी आठवड्याला बदला, पातळी झाकणाच्या खाली ठेवा, आणि बाटली हूडमध्ये (गाळलेल्या हवेचं निर्जंतुक कामाचं कपाट) नेण्याआधी 70 टक्के अल्कोहोलने, झाकणाच्या कडेसह, पुसून कोरडी करा. झाकणाच्या आट्यांत राहिलेला तो एक थेंबच आत जातो.