चोक ओढूनही ट्रक पहाटे सुरू होत नाही

प्रश्न : वडिलांच्या काळापासून आमच्या रोपवाटिकेत महिंद्राचा एफसी-१५० हा पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक आहे. दर शनिवारी पहाटे रोपे भरून तो पाचगणीहून वाईला जातो आणि उरलेले सहा दिवस शेडमध्ये उभा असतो. डिसेंबर-जानेवारीत चोक पूर्ण ओढून, ॲक्सिलरेटर दाबत-सोडत सेल्फ मारला, तरी बराच वेळ इंजिन नुसते फिरते, एकही ठोका देत नाही. मग केबिनमध्ये पेट्रोलचा वास सुटतो आणि गाडी ओव्हर होते (इंजिनात जास्तीचे पेट्रोल भरते). अर्ध्या तासाने ती कशीबशी सुरू झाली, तरी चोक आत ढकलताच बंद पडते. वाईहून दुपारी परतताना मात्र पहिल्याच सेल्फला सुरू होते. मेकॅनिक कार्बोरेटर बदलायला सांगतो. बदलावा का?
– एक वाचक, पाचगणी

उत्तर : इतक्यात बदलू नका. आपल्या पत्रात एक नव्हे, तीन तक्रारी आहेत आणि त्या ज्या क्रमाने येतात त्यातच निदान दडलेले आहे. सुरुवातीला पेट्रोलचा वासही येत नाही, याचा अर्थ त्या वेळी कार्बोरेटरच्या वाटीत, म्हणजे त्याच्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात, पेट्रोलच नसावे. सहा दिवसांत ती रिकामी होते, एसी पंप (इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप) टाकीपासून पेट्रोल ओढून आणेपर्यंत आपण पूर्ण चोकवर सेल्फ मारत राहता, आणि पेट्रोल पोहोचले की ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबासरशी ते जास्तीचे आत जाऊन प्लग भिजतात. म्हणजे आधी उपासमार आणि लगेच अजीर्ण! तिसरी तक्रार, चोक ढकलताच बंद पडण्याची, वेगळी आहे. तिच्याकडे नंतर येतो.

शनिवारी सेल्फ मारण्यापूर्वी हे करून पाहा. या गाडीचे इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली आहे. ते झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडावरचा एअर क्लीनरचा पाइप सोडवा. इग्निशन बंद ठेवून आत टॉर्च मारा आणि थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा हाताने झटकन उघडा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटी भरलेली आहे. काहीच उडाले नाही, तर बहुधा ती रिकामी आहे. तसे असेल तर एसी पंपाच्या खालचा हाताने चालवायचा लिव्हर वापरून ती आधी भरून घ्या. लिव्हर पहिल्यापासूनच सैल लागला, तर पंपाचा आतला दांडा त्याला हलवणाऱ्या कॅमच्या उंचवट्यावर अडकलेला असतो. इंजिन थोडेसे फिरवून पुन्हा प्रयत्न करा. काही दाबांनंतर लिव्हर सैल पडला, तर वाटी भरली असे समजावे. काही पंपांना हा लिव्हर नसतो. तेव्हा चोक न ओढता आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा, मधे अर्धा मिनिट थांबावे, आणि वाटी भरल्यावरच चोक ओढावा.

बाटलीतून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. आपल्या गाडीत ती मुळीच करू नये. इंजिनाने उलटा ठोका दिला तर भडका थेट केबिनमध्ये, चालकाच्या गुडघ्याशी उठेल.

वाटी रिकामी का होते, हे पुढे शोधावे लागेल. थोडे पेट्रोल उडून जाते हे खरे, पण पंपाचे व्हॉल्व्ह गळत असले किंवा टाकी ते पंप यांमधल्या जोडात हवा शिरत असली, तर पाइपातले पेट्रोल टाकीकडे परत उतरते. हा भाग ओढीचा असल्यामुळे तेथे बाहेर थेंबही दिसत नाही, आणि म्हणूनच तो दोष वर्षानुवर्षे सापडत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या काळचे रबर त्याला टिकेलच असे नाही. त्यामुळे पाइपाचे रबरी तुकडे आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्या. खर्च कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ आहे.

आता चोकविषयी. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरेचसे थेंबांच्या रूपातच हवेच्या वाटेच्या भिंतींना चिकटते. जळण्यापुरती वाफ मिळावी म्हणून मिश्रण मुद्दाम फार घट्ट करावे लागते, आणि चोकची पाकळी हवेचा मार्ग अडवून ते काम करते. परंतु डॅशबोर्डवरची मूठ बाहेर आली म्हणजे पाकळी मिटली, असे धरून चालू नये. केबलचे बाहेरचे आवरण क्लिपमधून निसटले असेल, तर मूठ ओढल्यावर आवरणच सरकते आणि पाकळी अर्ध्यावर राहते. पाइप काढलेलाच आहे, तेव्हा मुलाला मूठ ओढायला सांगून वरून पाहा : ओढल्यावर पाकळी पूर्ण मिटली पाहिजे आणि ढकलल्यावर हवेच्या दिशेने उभी राहिली पाहिजे. सोलेक्स कंपनीच्या काही कार्बोरेटरांत मात्र पाकळी नसते. बाजूला फिरती चकती असलेला स्वतंत्र स्टार्टर असतो. तो थ्रॉटल मिटलेला असतानाच नीट ओढतो. आपला कार्बोरेटर तसा असेल, तर सेल्फ मारताना पाय ॲक्सिलरेटरपासून दूरच ठेवावा लागेल.

गाडी ओव्हर झालीच तर चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्थिर धरा आणि सेल्फ मारा. त्या स्थितीत पेडल पुन्हा-पुन्हा दाबू नका, कारण प्रत्येक दाब आणखी पेट्रोल आत ढकलतो.

तिसरी तक्रार. थंड इंजिनाचा चोक एकदम ढकलल्यास कोणतीही गाडी बंद पडेल. इंजिन धरले की अर्धा, आणि नंतर आवाज जड होऊ लागेल तसा थोडा-थोडा आत न्यावा. एवढे करूनही इंजिन गरम झाल्यावर चोकशिवाय स्लोवर टिकत नसेल, तर स्लो जेट तुंबलेला आहे किंवा कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून इंजिन हवा ओढत आहे. इंजिन चालू असताना त्या जोडावर इंजिन ऑइलचे चार थेंब सोडा. आवाज बदलला तर दोष पॅकिंगचा आहे. ही तपासणी पेट्रोलने करू नका.

दुपारी लगेच सुरू होण्यामागे गरम इंजिन आणि भरलेली वाटी आहेच, पण बॅटरीचाही हात असू शकतो. पहाटे ऑइल घट्ट असते, सेल्फ जास्त करंट खेचतो आणि कॉइलला उरलेल्या व्होल्टेजवर ठिणगी फिकी पडते. सेल्फ चालू असताना १२ व्होल्टची बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधील (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधील) अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे. जास्तीच्या पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन निघते आणि ते पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आताच बदला.

प्रश्न : माझ्याकडे लष्करी लिलावातली जुनी पेट्रोल जोंगा (जीपसारखी लष्करी गाडी) आहे आणि तिलाही सकाळी असाच त्रास होतो. इलेक्ट्रिक पंप बसवला तर वाटी लगेच भरेल, असे मित्र सुचवतात. बसवावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसवता येईल, पण इंजेक्शनच्या गाडीचा पंप चालणार नाही. कार्बोरेटरची नीडल (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) थोड्याच दाबापुरती केलेली असते. दाब वाढला की फ्लोट (वाटीतला तरंगता भाग) तिला मिटवू शकत नाही आणि गाडी उभ्या जागी ओव्हर होते. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप घ्या, तो टाकीजवळ, शक्यतो तिच्या पातळीच्या खाली बसवा, आणि ऑइलचा दाब गेला की पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी वायरमनकडून करून घ्या. अपघातात इंजिन थांबले आणि पंप चालूच राहिला, तर तुटलेल्या पाइपातून पेट्रोल वाहत राहील. मात्र पाइपात हवा शिरत असेल तर ती आधी शोधून बंद करा. नाहीतर नव्या पंपावरही त्रास राहू शकतो.