नव्या गिटारचा वास नेमका कुठून येतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: नव्या गिटारला आणि ती ठेवायच्या पेटीला, म्हणजे केसला, येणारा तो गोडसर, हवाहवासा वास नेमका कशाचा असतो, आणि तो कायम राहावा म्हणून काही करता येते का. मी कोल्हापुरात गिटार शिकवतो आणि हौसेने थोडीफार दुरुस्तीही करतो. विद्यार्थ्यांच्या नव्या गिटारी बहुधा माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडल्या जातात, त्यामुळे या वासाशी माझा परिचय जुना आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच येते. तो वास टिकवता येत नाही. पॉलिश आणि गोंद यांतील उडून जाणारी द्रव्ये हवेत मिसळत असतात म्हणून तर तो आपल्यापर्यंत पोहोचतो. ती संपली की वासही संपतो. तुम्हाला आवडणारा तो वास म्हणजे वाद्य अजून पुरते सुकलेले नाही याची खूण आहे.

गिटार हातात घेऊन तीन ठिकाणी वेगवेगळे हुंगून पाहा, म्हणजे ही मिसळ सुटी होईल. नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागच्या बाजूला पॉलिशचा वास येतो, साउंडहोलपाशी, म्हणजे पुढच्या गोल भोकापाशी, लाकडाचा, आणि केसमध्ये तारा व पट्टा ठेवण्यासाठी जो झाकणाचा छोटा कप्पा असतो त्यात गोंदाचा व कापडाचा.

यांपैकी पॉलिशचा वास सर्वांत ठळक. महागड्या गिटारींच्या ज्या वासाला लोक व्हॅनिलाची उपमा देतात, तो नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असतो. आपल्याकडचे पॉलिशवाले याच जातीच्या लॅकरला एनसी लॅकर म्हणतात. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा हा पदार्थ थिनरमध्ये विरघळवून फवारला जातो आणि थिनर उडून गेले की लाकडावर त्याचे पातळ कवच उरते. 1920 च्या दशकात तो मोटारींच्या रंगासाठी प्रचारात आला आणि पुढे गिटारच्या कारखान्यांनीही उचलला. गिब्सन ही अमेरिकन कंपनी तो आजही वापरते. हे लॅकर रासायनिक क्रियेने घट्ट होत नाही, ते केवळ सुकते. हाताला काही तासांत कोरडे लागले तरी थिनरचा शेवटचा अंश आणि लॅकर लवचिक राहावे म्हणून घातलेली द्रव्ये बाहेर पडायला महिनोन्‌महिने लागतात. नखांना लावायच्या नेलपॉलिशचाही मूळ घटक हाच असल्यामुळे दोन्ही वासांत नाते जाणवते. याउलट पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचे थर रासायनिक क्रियेने घट्ट होतात, काही कारखान्यांत तर अतिनील प्रकाशाखाली ते फार थोड्या वेळात कडक केले जातात. म्हणून अशा गिटारींना वास कमी येतो आणि लवकर जातो.

जाता जाता एक कोल्हापुरी संदर्भ द्यायचा मोह होतो. याच नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला की सेल्युलॉइड तयार होते, ज्याचे पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) जुन्या गिटारींवर असत. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि 1929 मध्ये याच शहरात सुरू झालेली प्रभात यांच्या काळातली चित्रपटाची फीतही याच पदार्थाची असे.

लाकडाचा वास मला स्वतःला अधिक प्रिय आहे. अकूस्टिक गिटारला पॉलिश बाहेरून केलेले असते, आतले लाकूड कोरेच ठेवतात. तारा बदलताना सगळ्या तारा उतरलेल्या असतात तेव्हा साउंडहोलमधून आत डोकावा: कंपनीचे लेबल, कडेने चिकटवलेल्या दातेरी पट्ट्या, एखाद्या सांध्यापाशी गोठलेला गोंदाचा ओघळ, आणि रंध्याच्या भुशासारखा कोरडा, किंचित राळेचा वास. पुढची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असेल तर तो सौम्य असतो. वेस्टर्न रेड सीडरची असेल तर मात्र तो उग्र आणि मसालेदार असतो, कारण त्या लाकडात कीड-बुरशीला दूर ठेवणारी सुगंधी द्रव्ये मुळातच भरपूर असतात. मागची व बाजूची फळी शिसवीची असली तर गोडसर छटा मिळते. शिसवीच्या फ्रेटबोर्डवर (जिथे बोटांनी तारा दाबतात त्या पट्टीवर) कानस किंवा पॉलिशपेपर चालवताना ती खोलीभर पसरते. मेपलला जवळजवळ वासच नसतो.

क्लासिकल गिटारच्या नेकसाठी पुष्कळदा ‘स्पॅनिश सीडर’ वापरतात, ज्याचे सिगारचे खोकेही करतात. नावात सीडर असले तरी ते झाड महोगनीच्या कुळातले आहे, आणि आपल्या तूण वृक्षाचे इतके जवळचे भाऊबंद आहे की वनस्पतिशास्त्रज्ञ एकेकाळी दोघांना एकाच प्रजातीत धरत असत. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मिरजेतले कारागीर याच तुणीच्या लाकडाची दांडी घडवतात. तुम्ही कोल्हापूरच्या आसपास राहत असाल तर एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चक्कर मारा. तिथे भोपळा, तूण आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी (लाख) यांचा जो संमिश्र वास येतो, त्यापुढे कारखान्यातल्या गिटारचा वास मला तरी फिकाच वाटतो. फक्त स्पिरिट लॅकरच्या थिनरपेक्षा फार लवकर उडते, म्हणून तो दरवळ त्या गल्लीत जितका जाणवतो तितका घरी आणलेल्या वाद्यात राहत नाही.

आता केस. हार्ड केस म्हणजे प्लायवूडचा सांगाडा, बाहेरून रेग्झिन, आतून मखमलीसारखे कापड, मध्ये फोम, आणि हे सगळे चिकटवायला सोल्युशन. यातली प्रत्येक वस्तू काही ना काही वाफ सोडत असते, आणि झाकण लावून कड्या अडकवल्या की ती आतच साठते. मखमल ती शोषून घेते आणि हळूहळू परत देते. गिटारचे लॅकरही त्याच बंद जागेत सुकत असल्यामुळे झाकण उघडताक्षणी दोन्ही वास एकत्र, एकदम आणि दाट येतात. तीच गिटार आठवडाभर भिंतीवर टांगली तर तो थाट राहत नाही. कापडी कव्हरला हा मान का मिळत नाही, याचे कारणही हेच. त्यात हवा खेळती असते आणि नायलॉन-फोमच्या वासात गोडवा फारसा नसतो.

मग थिनर आणि सोल्युशनचा वास आपल्याला आवडावाच का? मला वाटते, यात नाकापेक्षा आठवणीचा भाग मोठा आहे. गंधाची जाणीव मेंदूतल्या भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा थेट वाटेने जाते. नवी गिटार बहुधा बरीच वाट पाहून, पैसे साठवून किंवा घरच्यांची समजूत काढून आलेली असते. त्या आनंदाच्या वेळी नाकात जो वास असतो तो आनंदाला चिकटून बसतो. इथल्या चप्पल ओळीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, नव्या कोल्हापुरी चपलांचा वास येतो तेव्हा इथे वाढलेला माणूस सुखावतो आणि बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो, तसेच हे आहे. म्हणूनच वासावरून गिटारचा दर्जा ठरवू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. दुकानात गेल्यावर सूर, ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) आणि नेकचा सरळपणा पाहावा; वास स्वस्त गिटारलाही येतो, कधीकधी जास्तच येतो.

पॉलिशचा वास राखता येत नसला तरी लाकडाचा वास कित्येक वर्षे टिकतो, आणि आपल्याकडे त्याचा खरा शत्रू पावसाळा आहे. गिटार बनवणारे साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता सुचवतात. जुलैमध्ये कोल्हापुरात ती 80 च्या वर सहज जाते. अशा वेळी केस ओलसर भिंतीला टेकवून ठेवली की मखमलीला बुरशी धरते आणि तो कुबट वास एकदा मुरला की निघता निघत नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की रिकामी केस उघडून उन्हात ठेवावी. गिटार मात्र सावलीतच. कपड्यांच्या ट्रंकेत घालतात तशा डांबराच्या गोळ्या केसमध्ये टाकू नयेत, कारण त्यांचा वास मखमलीत बसतो आणि मग दुसरे काही जाणवतच नाही. अत्तर, उदबत्ती वगैरेही नको.

एक सावधगिरी सांगायला हवी. वास गोड असण्याऐवजी झोंबरा असेल, डोळे चुरचुरत असतील, तर तो बहुधा हलक्या प्रतीच्या प्लायवूडच्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि तो मुद्दाम हुंगण्यासारखा नाही. अशी केस काही दिवस गच्चीत किंवा खिडकीशी उघडी ठेवावी, झोपायच्या खोलीत नको. तेवढे दिवस गिटार स्टँडवर राहिली तरी चालेल. फक्त तिला नायट्रो लॅकर असेल आणि स्टँडला रबर किंवा प्लॅस्टिकची नळी असेल, तर त्यावर सुती कापड गुंडाळावे, कारण रबरातली द्रव्ये त्या लॅकरला मऊ करतात आणि तिथे कायमचा डाग पडतो.