उकिरड्यावर उतरण्याआधी

भाऊ, भंगार गोळा करायचं तर दिवाळीच्या तोंडावर फिर. घरोघरी माळे-सपर झाडले जातात, तेव्हाच चांगला माल बाहेर पडतो. सोबत चुंबक ठेव. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर तांबं, पितळ किंवा ॲल्युमिनियम असू शकतं, थोडं कानशीनं घासून रंग बघ.

खरी कमाई विहिरीवरच्या जळक्या मोटारींत आहे. पण वायंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, हात लावण्याआधी तार खरवड, आजकाल ॲल्युमिनियमचीही निघते. फेकलेला स्टार्टरही (मोटार चालू करायची पेटी) सोडू नको, त्याच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे आतल्या एकमेकांना टेकणाऱ्या टिकल्यांवर, बरेचदा चांदीचा मिश्रधातू असतो. वायर मात्र कधीच जाळायची नाही, सोलायची. तो धूर फुफ्फुसाला विषारी, अन् जळक्या तांब्याला भावही कमी. भंगारवाल्याकडे माल वेगवेगळा करूनच ने, नाहीतर सगळा हलक्या भावात जातो.

बांधावरचे फवारणीच्या औषधाचे डबे कितीही चांगले दिसू दे, उचलू नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नको रे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव. अन् पडक्या वाड्यातलं सागवान बेवारस वाटलं तरी मालकाला विचारूनच हलव.