पोरांना घेऊन सफारी हाऊस, एवढे पैसे घालावेत का?

प्रश्न : ताई, आम्ही दोघी बहिणी, आमचे नवरे, आई आणि तीन मुलं (वय ४, ७ आणि ११) असे साउथ आफ्रिकेला सफारीला जायचं म्हणतोय. लॉजमध्ये वेगवेगळ्या रूम घ्याव्यात की अख्खं प्रायव्हेट सफारी हाऊस घ्यावं यावरून घरात रोज वाद चाललाय. हाऊसमध्ये जीप, गाइड, शेफ सगळं आपलं आपलं असतं पण रेट ऐकूनच धडकी भरते. आणि धाकट्याला हे सगळं झेपेल का?

उत्तर : चार वर्षांचं पोर सोबत आहे ना, मग परवडत असेल तर हाऊसच घ्या. शेफ आणि पूल सोडा, पैसे मोजायचे ते त्या जीपसाठी आणि गाइडसाठी. लॉजच्या शेअर्ड जीपमध्ये बऱ्याच ठिकाणी ६ वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, म्हणजे रोज कोणीतरी एक जण धाकट्याजवळ मागे राहणार. आणि घेतलं तरी ड्राइव्ह तीन-चार तासांची, बाकीचे लोक बिबट्यासाठी श्वास रोखून बसलेत आणि आपल्या पोराला तेव्हाच शू लागलीय, कोणाला काय बोलणार? जीप आपली असली की गाइडला म्हणायचं चला परत, की तो गाडी वळवतो.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही असंच गेलो होतो. गाइडने आधी सगळीकडे नीट बघून घेतलं, मग आम्हाला खाली उतरवलं आणि एक शेणकिडा दाखवला. मागच्या पायांनी गोळा ढकलत उलटा चालला होता, गवतात अडकला तसा गोळ्यावर चढला, गोल गोल फिरला, पुन्हा उतरून ढकलायला लागला. मुलगी वाटेतली काडी बाजूला करायला निघाली तर गाइड म्हणाला थांब, तो वर चढून उजेड बघून दिशा ठरवतोय, रात्री फिरणारे काही शेणकिडे तर आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ जातात. वीस मिनिटं पोरगी उकिडवी बसून होती!! शेअर्ड जीपमध्ये एवढा वेळ कोण थांबलं असतं.

आता हाऊसच्या आधी जागा ठरवा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्रुगर नॅशनल पार्क आणि त्याला लागून असलेलं साबी सँड हे खासगी अभयारण्य हा मलेरियाचा भाग आहे, आणि ५ वर्षांखालच्या मुलाला मलेरिया फार लवकर गंभीर होऊ शकतो. माडिक्वे, पिलानेसबर्ग, वॉटरबर्ग हे सफारीचे भाग मलेरियामुक्त आहेत, सिंह हत्ती गेंडे तिथेही दिसतात. माडिक्वेचं अभयारण्य तर १९९१ मध्ये शेतीच्या आणि गुरांच्या जमिनीवर उभं केलंय, ८००० पेक्षा जास्त प्राणी दुसरीकडून आणून सोडले, ११ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट नक्की सांगा. तरीही क्रुगरच करायचं असेल तर औषधांचं मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण डोस मुलाच्या वजनावर ठरतो.

बुकिंगच्या आधी मेलवर लेखी विचारून घ्या की जीप आणि गाइड फक्त आपल्यासाठीच ना, लहान मुलांना वयाची अट काय, घराभोवती कुंपण आहे का, पूलला वेगळं कुंपण आहे का. आणि हे तर विसरूच नका, सगळ्या बेडरूम एकाच छपराखाली आहेत का. काही हाऊसमध्ये रूम सुट्या सुट्या असतात, कुंपण नसेल तर अंधार पडल्यावर दुसऱ्या रूममध्ये जायला सुद्धा गार्ड बोलवावा लागतो, मग मुलांना वेगळं झोपवायचा प्रश्नच येत नाही.

पायी सफारी तिघांनाही मिळायची नाही, बहुतेक ठिकाणी १२ नाहीतर १६ ची अट असते, मोठ्याला आधीच सांगून ठेवा.

जून ते ऑगस्ट जाणार असाल तर पहाटे उघड्या जीपमध्ये हाडं गोठतात, टोपी-हातमोजे हवेतच. जीपमध्ये उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, हे धाकट्याकडून घरीच खुर्च्यांची जीप करून खेळून घ्या. आईंना पहाटे उठवू नका हो, पाणवठा समोर दिसेल असा व्हरांडा असलेलं घर बघा, त्यांना बसल्या जागी हत्ती दिसतील आणि धाकटा कंटाळला तर तोही त्यांच्यापाशी राहील.