वाड्याचा उंबरा, चाकाची खुर्ची आणि आयुक्तांची नोटीस

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातील एका गावात आमच्या घराण्याचा सुमारे दोनशे वर्षांचा वाडा आहे. त्यात आम्ही नोंदणीकृत सार्वजनिक न्यासामार्फत तिकीट लावून छोटे संग्रहालय चालवतो. जागा भाऊबंदांच्या सामाईक मालकीची असून न्यासाकडे ती भाडेपट्ट्याने आहे. काही महिन्यांपूर्वी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका सहलीबरोबर आल्या. दाराशीच अडल्यावर आमच्या माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेण्याची तयारी दाखवली, पण त्यांनी ती नाकारली आणि तिकिटाचे पैसे परत मागितले. 'तिकीट परत घेतले जाणार नाही' असा फलक असल्याने पैसे दिले गेले नाहीत. दारावरच्या माणसाने सर्वांसमक्ष अपमानकारक शब्द वापरले, असेही त्यांचे म्हणणे आहे. आता दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांची खुलासा मागणारी नोटीस आली आहे. वाडा हेरिटेज असल्याने त्याला हात लावता येत नाही, एवढे उत्तर पुरेसे होईल का? शिवाय, उतार बांधला तर भाडेपट्टा रद्द करू, असे चुलतभाऊ बजावत आहेत. (एक विश्वस्त)

उत्तर : सप्रेम नमस्कार. एवढे उत्तर पुरेसे होणार नाही, आणि माझ्या मते ते देऊही नये. कारण त्यानंतर आयुक्तांकडून पहिला प्रश्न येईल तो असा, की आपला वाडा नेमक्या कोणत्या कायद्याखाली, कोणत्या अधिसूचनेने संरक्षित आहे? आपल्या पत्रात त्याचा उल्लेख कोठेही नाही.

बोलण्यात आपण कोणत्याही जुन्या वास्तूला हेरिटेज म्हणतो. कायद्यात मात्र वास्तूचे वय पुरेसे नसते, तिची अधिसूचना किंवा यादीतील नोंद लागते. वास्तू केंद्र संरक्षित असेल तर तिला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा लागू होतो, ती राज्य संरक्षित असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू होतो, आणि या दोन्हींत नसलेली वास्तू स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या वारसा यादीत असू शकते. खेड्यापाड्यांतले बहुतेक खासगी वाडे यांपैकी कशातच नसतात. तेव्हा प्रथम राजपत्रातील अधिसूचना शोधावी आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. वाडा संरक्षित नसेल, तर आपला हा बचाव मुळातच उभा राहत नाही. संरक्षित असेल, तर बांधकामाला परवानगी लागेल हे खरे. पण परवानगी लागणे म्हणजे मनाई असणे नव्हे, आणि जी परवानगी आपण कधी मागितलीच नाही ती मिळाली नसती, असे सांगून सुटका होत नाही.

या संदर्भात एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जानेवारी २००१ मध्ये दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुतुबमिनारसह काही केंद्र संरक्षित स्मारकांत तात्पुरते लाकडी उतार बसवण्यात आले होते. जागतिक वारसा यादीतल्या वास्तूला जे चालले, ते आपल्या वाड्याला का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सुचत नाही.

आता मूळ कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा केवळ सरकारी कार्यालयांपुरता आहे, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात त्यातील 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही येतात आणि त्यांत सांस्कृतिक व करमणुकीच्या कारणासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. 'खासगी आस्थापना' या व्याख्येत न्यास हा शब्दच घातलेला आहे. त्यामुळे आपला न्यास कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असा युक्तिवाद करण्यात वेळ घालवू नये. कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत, तर कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्यांनी, मग ते खासगी का असेनात, आपल्या सेवा दोन वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करावयाच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले, म्हणजे या मुदती अनुक्रमे २०२२ आणि २०१९ मध्ये उलटून गेल्या आहेत.

येथे आपले वकील एक मुद्दा सुचवण्याचा संभव आहे. सुगम्यतेची मानके सांगणारा नियम १५(१) सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. तेव्हा नियमच नाही तर मुदत कशाची, असा तो मुद्दा असेल. ऐकायला तो चतुर वाटतो, पण निकालाचा रोख नेमका उलटा आहे. अधिनियमाने जे बंधनकारक केले ते नियमाने केवळ मार्गदर्शक करून ठेवले, हा त्या नियमातला दोष होता. म्हणूनच किमान बंधनकारक मानके वेगळी काढून नियम करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. दिव्यांगांच्या बाजूने झालेल्या निकालाचा आधार घेऊन दिव्यांग व्यक्तीलाच दाराबाहेर ठेवण्याचा युक्तिवाद आयुक्तांसमोर करू नये, असे मी स्पष्टपणे सुचवतो. खुलासा दाखल करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेले नियम मात्र तपासून घ्यावेत.

मुदतींचा वाद बाजूला ठेवला तरी कलम ३ उरतेच. दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही, आणि भेदभावाच्या व्याख्येत 'वाजवी सोयीसुविधा' नाकारणेही येते. वाजवी सोय म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेनुसार केलेला आवश्यक आणि योग्य तो बदल. मात्र तो करणाऱ्यावर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेर भार टाकणारा नसावा. आपला खरा बचाव, जो काही असेल तो, या शेवटच्या अटीत आहे. तो घ्यायचा तर भार किती आणि का अवाजवी, हे कागदाने दाखवावे लागते. वास्तुजतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा अहवाल, खर्चाचा अंदाज आणि न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब यांच्याशिवाय केलेले 'आम्हाला परवडत नाही' हे विधान कोणीही गंभीरपणे घेणार नाही.

'आम्ही उचलून न्यायला तयार होतो' या वाक्यावर आपल्या पत्रात बराच भर दिसतो. आपल्या माणसांचा हेतू चांगला होता, हे मला मान्य आहे. परंतु प्रौढ व्यक्तीला अनोळखी माणसांनी, सहलीतल्या पन्नास डोळ्यांसमोर, खुर्चीसकट उचलणे ही सोय म्हणून मांडता येईल, असे मला वाटत नाही. अधिनियमाचा पाया प्रतिष्ठा आणि स्वावलंबन हा आहे, आणि त्या बाईंनी नकार दिला म्हणजे त्यांनी सोय नाकारली, असा अर्थ निघत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा मार्ग धोक्याचा आहे, कारण बॅटरीवर चालणारी खुर्ची चांगलीच वजनदार असते आणि दगडी पायरीवर कोणाचा पाय घसरला तर निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा न्यासावरच येईल. खुलाशात हे वाक्य घालायचेच असेल तर घटनाक्रम म्हणून घालावे, बचाव म्हणून घालू नये.

आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रांकडे वळतो, कारण प्रकरणाचा बराचसा निकाल त्यांतच आहे. अभ्यागतांना आपण दिंडी दरवाज्यातून आत घेता. ही दिंडी थोरल्या दाराच्या फळीत कापलेली आहे. तिच्यातून माणसाला वाकून जावे लागते आणि तिचा लाकडी उंबरा जमिनीपासून वीतभर उंच आहे. पण हा उंबरा त्या फळीचाच भाग आहे. थोरले दार उघडले की तो दारासोबत बाजूला होतो आणि खाली उरतो तो दोन-तीन बोटे उंचीचा दगड, ज्यावर सुटी लाकडी फळी टाकली तरी खुर्ची सहज जाते. म्हणजे ज्या अडथळ्यावरून ही नोटीस आली, तो वारशाचा भाग नसून दार न उघडण्याच्या सवयीचा आहे. बिजागऱ्या गंजल्यामुळे दार उघडत नाही, असे आपण लिहिले आहे. गंजलेली बिजागरी हा 'अवाजवी भार' ठरण्याची शक्यता मला दिसत नाही.

चौकातून सोप्यावर जाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी लागते. आपले जोते अडीच फूट उंच आहे, त्यामुळे चौकात तीस फूट लांबीचा उतार आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा करावी लागेल, आणि तेवढ्याने तुळशीवृंदावनासकट सारा चौक झाकला जाईल. असा उतार नको, हे आपले म्हणणे मला पटते आणि आयुक्तांनाही पटवता येईल. पण आपल्याच नकाशात परसदाराकडची जमीन उंच असून तेथून माजघरात शिरताना एकच पायरी आहे. तेथे सुटा, जमिनीत न रोवलेला उतार ठेवणे, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर मिळते का ते मोजणे आणि दर्शनी भागात तसा फलक लावणे, एवढ्यावर तळमजला बहुतांशी खुला होतो. मात्र परसदाराला कुलूप लावून किल्ली व्यवस्थापकाच्या घरी ठेवली, तर ही सोय कागदावरच राहील.

माडीचा जिना उभा, अरुंद आणि लाकडी आहे. तेथे उद्वाहक (लिफ्ट) बसवा, असे कोणी म्हणेल असे मला वाटत नाही. मग माडीवरची शस्त्रे आणि कागदपत्रे यांतील निवडक वस्तू आळीपाळीने खाली मांडता येतील का, उरलेल्यांचे चित्रीकरण तळमजल्यावर दाखवता येईल का आणि ज्यांना वर जाता येत नाही त्यांचे तिकीट कमी करता येईल का, याचा विचार खुलाशात दिसला पाहिजे. उतार म्हणजेच सुगम्यता, ही समजूतही सोडावी. अधिनियमाच्या अनुसूचीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे. अंध अभ्यागताला हात लावून पाहता येतील अशा दोन-चार वस्तू, कर्णबधिरांसाठी छापील माहिती आणि देवघरापाशी पादत्राणे काढताना कॅलिपर (पायाला आधार देणारे साधन) किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना सवलत, या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही.

दारावरच्या माणसाच्या शब्दांचा आरोप मात्र हलक्यात घेऊ नये. लोकांच्या दृष्टीसमोर, मानहानी करण्याच्या उद्देशाने दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा कलम ९२ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. उद्देश सिद्ध व्हावा लागतो, त्यामुळे प्रत्येक उद्धट वाक्य गुन्हा ठरत नाही. तरीही त्या दिवशी हजर असलेल्यांचे लेखी जबाब आत्ताच घ्यावेत, आणि नंतर एकमेकांशी जुळवून लिहिलेले जबाब कोणीही घेऊ नयेत वा देऊ नयेत.

तिकिटाचे पैसे फलकाच्या आधारावर अडवणे हा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अनाठायी भाग वाटतो. पैसे घेतले आणि सेवा दिलीच नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांपर्यंत करता येते आणि फलक हे त्यावरचे उत्तर नाही. जीजा घोष प्रकरणात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रवासी महिलेला विमानातून उतरवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये खासगी विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती. आपले प्रकरण त्या तोडीचे नाही, पण खासगी सेवेतही प्रतिष्ठेचे मोल न्यायालये कसे करतात, ते त्यातून दिसते. पैसे आजच परत पाठवावेत आणि सोबत दिलगिरीचे साधे पत्र द्यावे. पत्रात कायदेशीर जबाबदारीची कबुली नको. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आणि केलेल्या बदलांची माहिती पुरे.

आयुक्तांना चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. त्यांचा भर सुधारणा करून घेण्यावर असतो. म्हणून खुलासा घटनेच्या वादात न अडकवता केलेल्या आणि करावयाच्या कामांवर बेतावा : काय केले, उरलेले कोणत्या तारखेपर्यंत करणार, कशाला परवानगी मागितली आणि काय शक्य नाही व का, हे दारागणिक, खोलीगणिक लिहावे. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्यानंतरच्या प्रत्येकाला किमान पन्नास हजार आणि कमाल पाच लाख. म्हणून आजच्या तक्रारीपेक्षा पुढची तक्रार महाग पडेल.

राहता राहिले चुलतभाऊ. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार भाडेकरूला मालकाच्या संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. सुटा, उचलून ठेवता येणारा उतार हे कायमस्वरूपी बांधकाम नव्हे. शिवाय अटीचा भंग झाला म्हणून भाडेपट्टा संपवायचा, तर तशी स्पष्ट अट पट्ट्यात हवी, आणि भंग दूर होण्याजोगा असेल तर दाव्यापूर्वी तो दूर करण्याची लेखी सूचनाही द्यावी लागते. आपला भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असूनही नोंदणीकृत नसेल, तर उतारापेक्षा तो दोष मोठा आहे. त्याची प्रत घेऊन वकिलांना स्वतंत्रपणे भेटावे.